शेजार नसलेली सिस्टीम

बाबा, आज ऑफिसात डबा खाताना एकीनं मला विचारलं, तुमचे वडील विकायचे ती मोठ्या कंपनीची कॉम्प्युटर सिस्टीम एवढी चांगली होती, तर मग बुडाली का? मी सांगितलं, तिला मेमरी फार लागायची, आणि तेव्हा मेमरी सोन्याच्या भावानं मिळायची. बाजारात जोडून मिळणाऱ्या मशीनवर ती दुसरी, सगळीकडे चालणारी सिस्टीम आधीच घातलेली असायची. आपल्या सिस्टीमसाठी प्रोग्राम लिहायला कोणी तयार नव्हतं. तिनं मान हलवली आणि लोणच्याची डबी पुढे केली. तुम्ही असतात तर भडकून म्हणाला असतात, "आणि चालायची कशी, ते सांगितलंस का तिला?"

चालायची छानच. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून वाशीला गाळा घेतलात, तो ती विकायलाच. आई म्हणायची, ह्यांचं लग्न माझ्याशी झालं आणि संसार त्या डब्याशी. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ घालायचात, आणि हळदकुंकू फ्लॉपीच्या फटीत जाऊ नये म्हणून पूजा होईपर्यंत फटीवर स्वतःचं बोट धरून बसायचात. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, तुमची एकुलती एक नोकर. चहा सांगण्यापासून फ्लॉप्या बदलण्यापर्यंत सगळं खातं माझ्याकडे.

ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. तुर्भ्याच्या धान्यबाजारातले एक शेठ, मूळचे साताऱ्याकडचे, समोर बसलेत. तुम्ही एकीकडे बिल छापताय, दुसरीकडे फ्लॉपी कॉपी होतेय, मध्येच हिशेब उघडून दाखवताय, आणि मशीन कुठेही अडकत नाही. शेठ खूश आहेत. ऑर्डर मिळालीच, असं मी धरून चाललेय. पण तुम्हाला राहवत नाही. "आणि शेठ, त्या दुसरीचे प्रोग्रामसुद्धा यावर चालतात. तिच्यावर चालतात त्याहून बरे!"

शेठनी कप खाली ठेवला. "मंग साहेब, तीच टाका ना. आमच्या लायनीत सगळ्यांकडं तीच हाय. अडलं तर बाजूच्या गाळ्यात विचारता येतं. तुमचं हे अडलं तर मी कुनाला विचारू?"

"मला," तुम्ही म्हणालात.

"आनि तुमी गावाला गेलात तर?"

त्यांच्या पेढीवर ती दुसरी सिस्टीम शेवटी तुम्हीच जाऊन घालून दिलीत, आणि परत आल्यावर बराच वेळ हात धूत राहिलात. मला तुमचा राग आला, तरी टॉवेल मीच पुढे केला. त्यानंतर तुम्ही गावाला गेलाच नाहीत, गणपतीलाही नाही. आपल्या मोजक्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचं अडलं तर काय, म्हणून. आणि तुमचं स्वतःचं अडलं की अख्ख्या नवी मुंबईत विचारायला दुसरा माणूस नव्हता. मग मला विचारायचात. मला काही येत नाही हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या तोंडाकडे बघत थांबायचात. गाळा बंद झाला तेव्हा लोक म्हणाले, धंदा जमला नाही. मला वाटतं, तुम्हाला विक्रीपेक्षा एक सोबती हवा होता, ती सिस्टीम वापरणारा आणखी एक जण, ज्याच्याशी संध्याकाळी उभ्या उभ्या दोन शब्द बोलता आले असते.

तुम्ही गेल्यावर हे मी पाठवणार तरी कुठे, म्हणून सरळच सांगते. आई गेल्यापासून मी इथे नेरूळला एकटी राहते. रविवारी घरातला कॉम्प्युटर अडला. सोसायटीत घरोघरी तसाच आहे, कुणालाही विचारता आलं असतं. चपला घालून जिन्यापर्यंत गेले, आणि कुणाचं दार वाजवावं तेच सुचेना. इतकी वर्षं राहून कुणाशी तेवढी ओळखच केलेली नाही मी, बाबा. परत आत आले, दार लावलं आणि मोठ्यानं तुम्हाला हाक मारली.