कासवोबाला पाला खायला घालताना

बाबा,

मी दवाखान्यात ड्यूटीला निघालेय, सातपर्यंत येते. कासवोबाला आधी कोमट पाण्यात बसवा, म्हणजे त्याला भूक लागेल. तुतीची आणि जास्वंदीची पानं बारीक चिरून ठेवलीत, त्यात काकडी चिमूटभरच किसून कालवा. वर्षाचंही नाही झालं पोर, पण नखरे केवढे! तोंड फिरवेल, तुम्ही विरघळू नका.

काल सकाळी "तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला" असं मी फाडकन बोलले. चुकलंच माझं.

संध्याकाळी तुम्ही त्याच्याशेजारी जमिनीवर बसून जेवत होतात, तेव्हा पठ्ठ्याने जास्वंदीचं अख्खं पान फस्त केलं. मी दारातून बघत होते. आई गेल्यापासून तुमचंही ताट पहिल्यांदाच रिकामं झालं.

आजही दोघं तिथेच बसा. जेवण झाकून ठेवलंय.

तुमची,
चिमी