एका सीडीवर एकच बाजू

३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सीडी अर्ध्यावर आली आहे, ती भरेपर्यंत हे लिहून घेते. मध्ये कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असं आमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने बजावलं आहे. त्यामुळे हात रिकामे आहेत आणि तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं आणखी टाळता येत नाही.

शेजारच्या काकू महिनाअखेरीस लेकीकडे कायमच्या राहायला जाणार, हे वाचलं. मग तू चष्म्याच्या दुकानात काचा घासत असताना बाबांजवळ बसायला कोणी नाही. पुलापलीकडच्या वृद्धनिवासात तू विचारून आलास. खुर्चीतून स्वतः उठून जेवणघरापर्यंत जो चालतो त्यालाच तिथे घेतात, आणि बाबा उठत नाहीत. म्हणजे तू दुकान सोडायचं किंवा मी त्यांना इथे आणायचं. माझी खोली तू पाहिली आहेस. जिन्यावरून कपाट वर आलं नाही म्हणून आम्ही ते विकलं. शिवाय हे रात्रपाळी करून दिवसभर त्याच खोलीत झोपतात.

झटक्याने बाबांचं बोलणं गेलं, पायांत दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना? मला वाटतं, उठावं असं त्यांना काही कारणच उरलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्या रेकॉर्डी या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि घरात जागा हवी म्हणून देऊन टाकल्या. कॉम्प्युटर माझ्याकडे आला आणि त्यांच्याकडे ऐकायला काहीच राहिलं नाही. तुमच्या हॉलमधला सीडी प्लेअर चालू आहे ना? सगळं गाणं एका सीडीत मावतंय. लावून बघ. ते हिंडूफिरू लागले तर दिवसभर घरी एकटे राहू शकतील, आणि निवासाचं नावही काढायला नको.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यात कपात नको.

तुझी,
बारकी


८ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

सीडी पोचली. प्लेअरने आत घेतली, बराच वेळ फिरवली आणि आत काहीच नाही असं दाखवलं. काढून पुसली, परत घातली. तेच. काकूंनी चष्म्याच्या फडक्याने पुसून बघितली. दुकानात नेऊन मालकांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि नंबर फार मोठा आहे, माणूस आंधळा होईल, असं सांगून परत दिली.

मी फोन का करत नाही असं विचारशील म्हणून सांगतो. फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे एकतर खोटं बोलायचं किंवा ओरडायचं. त्यापेक्षा पत्र बरं.

सकाळी त्यांच्या काखेत हात घालून उचलतो तेव्हा ते अंग सोडून देतात. पोतं तरी एका बाजूने धरता येतं. न्हाणीघरापर्यंत नेतो, परत आणून बसवतो. मी दारात चपला घालतो तेव्हा त्यांचं तोंड खिडकीकडे असतं आणि आल्यावर खिडकीकडेच असतं. मला याचं वाईट वाटत नाही. पूर्वी वाटायचं. आता दुकानातून निघताना फक्त पाठ कुठे दुखते आहे तेवढं कळतं.

उठायला कारण नाही म्हणतेस. न्हाणीघरात जाणं हे कारण पुरत नसेल तर गाणं कुठून पुरणार?

तब्येतीला जप. तुझ्या ह्यांच्या झोपेलाही.

दादा


१२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

कॉम्प्युटरवाला पोट धरून हसला. ताई, तुम्ही भावाला गाण्यांऐवजी गाण्यांचं गाठोडं पाठवलंत, असं म्हणाला. घरातले जुने प्लेअर कॉम्प्युटरच्या फाइली वाचत नाहीत. त्यांच्यासाठी गाणं गाणं म्हणूनच सीडीवर लिहावं लागतं आणि मग एका सीडीत तासाभराचंच बसतं. वेग कमी ठेवायचा. शेवटी सीडी बंद करायची, म्हणजे तिच्यात आता आणखी काही येणार नाही असं लिहून टाकायचं. ते राहिलं तर घरचा प्लेअर तिला ओळखतच नाही. हे सगळं मी आता करते. माझ्याकडे आता जाड पुठ्ठ्याच्या पाकिटांचा गठ्ठा आहे आणि टेबलावर जेवायला जागा नाही. हे ताट मांडीवर घेऊन जेवतात.

आणखी एक केलं आहे. बाबांनी उतरवलेल्यात फार कचरा होता. रेकॉर्डची खरखर, शेवटी सुईची घरघर, मध्येच बाबांचं खोकणं, खुर्चीचा आवाज, चपलांचा आवाज. ते सगळं काढलं आणि दोन्ही बाजू सलग जोडल्या. दिवसभर मुद्रितं तपासते, चूक दिसली की हात जातोच. आता ऐकशील तर नवीन वाटेल.

सोबतच्या सीड्या नक्की वाजतील. आमच्या इथल्या प्लेअरवर लावून बघितल्या.

रागावू नकोस, रागावलास तर तसं लिही.

तुझी,
बारकी


१७ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

सीड्या वाजतात. आवाज स्वच्छ आहे.

रविवारी दुपारी लावली. काकूही होत्या. बाबा खिडकीकडे बघत होते. व्हायोलिनची पहिली बाजू संपत आली तेव्हा त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले आणि पाठ टेक सोडून पुढे झाली. तेवढ्यात दुसरी बाजू वाजायला लागली. ते तसेच थोडा वेळ राहिले, मग मागे टेकले आणि हात मांडीत गेले. पुढच्या जोडाशी परत तसंच. त्यानंतर मात्र त्यांनी हात हलवले नाहीत. काकू म्हणाल्या, त्यांना त्रास होतोय, बंद कर. मी बंद केलं.

मग आठवलं ते लिहितो. रेकॉर्डची बाजू बदलायला बाबा आपल्याला कधी हात लावू द्यायचे नाहीत. बाजू संपली की सुई घरघर करत फिरत राहायची, ते हातातलं काम आवरून सावकाश उठायचे, आणि तोवर आई आतून विचारायची, की ते दळण कोणी थांबवणार आहे का. तुझ्या सीडीत बाजू संपतच नाही.

यातून काही निघेल असं नाही. आठवलं म्हणून कळवलं. काकूंचं सामान बांधून झालं आहे. त्यांनी मला त्यांची जुनी किसणी देऊन टाकली.

दादा


२१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच वाचलं, वर जाईपर्यंत थांबले नाही.

नशिबाने बाबांच्या मूळ फाइली मी पुसल्या नव्हत्या. त्या घेऊन सगळं पुन्हा केलं. आता एका सीडीवर एकच बाजू. खरखर तशीच ठेवली आहे, खोकलाही. कॉम्प्युटरवाला कळवळला, सीडी निम्मी कोरी जाते म्हणाला. ती बंद केली की उरलेली जागा कायमची फुकट. जाऊ दे म्हटलं.

या वेळी प्रत्येक बाजू शेवटपर्यंत ऐकली. गाणं संपतं. सुई फिरत राहते. मग खुर्ची करकरते, चपला जवळ येतात, बाबा घसा साफ करतात आणि सुई उचलली जाते. प्रत्येक बाजूला असंच. घरात असताना मी हे रोज ऐकलं असणार. मला काहीतरी वाटेल म्हणून मी थांबले, पण हे झोपले होते आणि दुसरी सीडी घालायची होती.

एकच गोष्ट कापली. खुर्ची करकरायच्या आधी तोडलं आहे आणि तिथे नुसती घरघर जोडून बरीच लांबवर वाढवत नेली आहे. उठण्याचा आवाज त्यात ठेवला नाही. तो त्यांनी करायचा.

प्लेअर खुर्चीपासून लांब ठेव. मधली तिपाई काढ. तू उठू नकोस, काकूंनाही उठू देऊ नकोस.

लोभ राहू दे, पत्राला मात्र उशीर नको.

तुझी,
बारकी


२६ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

बाबा उठले.

काल संध्याकाळी लावली. तिपाई काढली होती. बाजू संपली, घरघर सुरू झाली. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो. काकू तोंडावर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. ते बराच वेळ उठले नाहीत. दळण ऐकत बसायचं म्हणजे काय असतं ते मी विसरलो होतो. मग खुर्ची करकरली. ते उभे राहिले, चालत गेले, प्लेअरचं तोंड उघडायचं बटण त्यांनी शोधलं. सीडी काढून उलटी केली आणि परत घातली. ती अर्थातच वाजेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरी सीडी त्यांच्या हातात दिली. ती लावून ते परत जाऊन बसले. हेच नंतर पुन्हा झालं, आणि आज सकाळीही.

काकू रडल्या. मी पेपर घडी करून ठेवला.

आता पुढचं. सीडी संपली की ते उठतात, बदलतात, बसतात. पाण्यासाठी उठत नाहीत. भूक लागली तरी उठत नाहीत. आज गॅसवर दूध उतू जात होतं, त्यांच्या समोर, तरी उठले नाहीत. बाहेरून कुलूप लावून मी त्यांना असं ठेवू शकत नाही. म्हणून दुपारी दुकानातून निवासात फोन केला. तिथल्या व्यवस्थापक बाई दोन तारखेला घरी येऊन बघणार आहेत. उठले, चालले, तर त्याच दिवशी घेतील. खोली रिकामी आहे.

तू केलंस म्हणून हे झालं, ते मी विसरलेलो नाही.

दादा


२९ मार्च

दादा,

नमस्कार.

हे मी यासाठी केलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. त्यांनी घरात राहावं म्हणून टेबलभर सीड्या भरल्या आणि तू त्याच लावून दाखवणार, की बघा, चालतात, घेऊन जा. असं करायचं होतं तर आधी सांगायचंस. मी त्या पाठवल्याच नसत्या, त्यांना खुर्चीत बसू दिलं असतं.

त्या बाई येतील तेव्हा प्लेअर लावू नकोस. एवढंच मागते. ते उठणार नाहीत, त्या परत जातील. मग मी रजा काढून येते, निदान थोडे दिवस. पुढचं पुढे बघू. दुकान सोडणार नाहीस असं मालकांना सांग. ह्यांना मी सांगते, अजून सांगितलेलं नाही.

आणि मी आधी का आले नाही ते विचारू नकोस. विचारणार नाहीस, माहीत आहे. तेच तर बोचतं.

बारकी


२ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं.

बाई सकाळी आल्या. बाबांशी मोठ्याने बोलल्या, जसं सगळे बोलतात. त्यांना उठायला सांगितलं. ते खिडकीकडे बघत राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. मी त्यांना चहा घ्यायला थांबवलं आणि सीडी लावली.

बाजू संपेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झाला होता. मग घरघर. त्या म्हणाल्या, प्लेअर बिघडला वाटतं. मी नाही म्हणालो, थांबा म्हणालो. बाबा उठले. चालत गेले, सीडी बदलली, परत आले. बाईंनी छान म्हटलं आणि टाळी वाजवली. बाबांनी टाळीकडे पाहिलं नाही.

तू रजा काढून आली असतीस, थोडे दिवस राहिली असतीस, आणि मग गेली असतीस. त्यानंतर मी पुन्हा त्यांच्या काखेत हात घातला असता. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्याने आता उचलवत नाही, एवढंच.

दुपारी टॅक्सीने गेलो. कपडे, चष्मे, औषधं एका बॅगेत, प्लेअर आणि तुझ्या सीड्या खोक्यात. खोली बरी आहे. खिडकी आहे, भिंत हिरवट आहे, दाराबाहेर लांब पडवी. खोकं कॉटशेजारी ठेवलं आणि तिथल्या मुलीला सगळं समजावलं, की एका सीडीवर एकच बाजू आहे, शेवटी घरघर होते ती बिघाड नाही, ती चालू द्यायची, आणि त्यांच्याऐवजी उठून कोणी सीडी बदलायची नाही. तिने मान डोलावली. तिच्या हातात कुणाचा तरी डबा होता. मी निघालो तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. मी येतो म्हणालो.

घरी येऊन तिपाई जागेवर ठेवली. तुला राग आहे, तो असू दे. उरलेला लोभ असला तर तोही असू दे.

दादा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज तीन तारीख. सकाळी निवासातून त्या मुलीचा फोन आला. बाबा सगळ्यांच्या आधी उठले, स्वतः तोंड धुतलं, पडवीतून चालत जेवणघरात गेले आणि नाश्ता करून परत आले. कोणती सीडी लावली होती, असं मी विचारलं. ती म्हणाली, खोकं अजून उघडलेलं नाही. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि दुकानात गेलो.