काडतुसं माझ्या खिशात

शनि. ७ फेब्रु.

बोटं अजून बधिर, तरी लिहिते. सकाळी ओपांबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, शिकारीच्या मचाणावर. हरणं आली, लांबच राहिली, गेली. गोळी नाही. मला बरंच वाटलं.

परतताना ओपांनी गाडी भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन उभी केली. खाली उतरून कुलपाशी खटपट. "हे कुलूप कोणी बदललं?" म्हटलं, ओपा, आपलं फाटक पुढचं. हसले. मला हसू आलं नाही. जन्म गेला त्यांचा या रस्त्यावर.

घरी येऊन मार्टेनला सांगितलं. स्वतःच्या बापाबद्दल काही ऐकायचं म्हटलं की नवऱ्याचा चेहरा बंद दुकान. "थकलेत ते." मग अंघोळीहून आल्यावर आपणच म्हणाला, "पुढच्या वेळी काडतुसं तू ठेव. बंदूक त्यांच्याकडे, काडतुसं तुझ्या खिशात."

छान. हा माणूस बंदुकीला हात लावत नाही, शिकाऱ्याच्या घरात जन्मून. त्याने परवान्याची परीक्षा दिली नाही म्हणून मी दिली. ओपांना आपल्यामागे कोणीतरी हवं होतं. आणि मला या देशात असं एक माणूस हवं होतं जे माझं तोडकंमोडकं डच ऐकून लगेच इंग्रजीवर उडी मारणार नाही. डच मी ऑफिसात नाही शिकले, सासऱ्यांच्या मचाणावर शिकले. माझी स्वतःची बंदूक अजून नाही. दोघांत त्यांचीच एक, कधी ते, कधी मी.

बुध. ११ फेब्रु.

लॅबमधून निघताना नाशिकहून आईचा फोन. सासरे कसे आहेत? ठणठणीत, म्हटलं. मी त्यांच्याबरोबर हरणं मारायला जाते हे आईला कळलं तर आधी सोवळ्याचं काढेल, मग रडेल. सांगणार नाहीच.

घरी पोचते तोच ओपांचा. शनिवारचं ठरलं. भात लावेपर्यंत पुन्हा त्यांचा. तेच शब्द, तोच उत्साह, जणू आत्ताच सुचलंय. मी पण पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हो हो" म्हटलं. लेक, ईरा, डचमध्ये म्हणाली, ओपा विसरले का? गप जेव म्हटलं.

शनि. १४ फेब्रु.

धुकं. फेरीबोट बंद, नदीपलीकडे ओपांकडे जाता आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

मार्टेनला म्हटलं, हाउसआर्त्सकडे नेऊ या त्यांना. डॉक्टर निदान बघतील तरी. म्हणाला, "डॉक्टरने काही लिहिलं की परवाना गेला. परवाना गेला की बाबा गेले." "माझी आई गेल्यावर ते कशावर उभे आहेत माहितीये ना तुला?" माहितीये. मला नाही तर कोणाला माहीत असणार. हंगाम मार्चच्या मध्यापर्यंत, तेवढा जाऊ दे म्हणतो.

ठीक. जाऊ दे.

शनि. २१ फेब्रु.

हात धुतले, पुन्हा धुतले. लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

हवा स्वच्छ. दोघं मचाणावर. समोर सगळं मोकळं, गवत आणि नांगरलेली जमीन, आणि पलीकडे डाइक, नदीचा तो उंच बांध, वर सायकलींचा रस्ता. ओपांनी मला शिकवलेला पहिला नियम: गोळीच्या मागे माती दिसली पाहिजे. सपाट मुलूख, चुकलेली गोळी कुठवर जाईल सांगता येत नाही. म्हणून तर मचाण, वरून खाली मारायचं.

हरणं आली. इथली बुटकी, शेळीएवढी, आपल्या नगरकडच्या काळविटांचा डौल नाही. ओपांनी न बघता हात पुढे केला, मी काडतूस दिलं. एक मादी बाकीच्यांपासून सुटून चरत चरत डाइकचा चढ चढली, पार वरपर्यंत. तिच्यामागे आता माती नव्हती, आभाळ होतं. आणि त्या आभाळात सायकलवर एक बाई येत होती.

मी म्हटलं, "ओपा, थांबा." हळू म्हटलं. मचाणावर मोठ्याने बोलायचं नाही आणि सासऱ्यांवर आवाज चढवायचा नाही, दोन्ही अंगात मुरलेलं. "ओपा, बाई आहे." त्यांनी चाप ओढला.

बाई थांबली. एक पाय टेकला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा पेडल मारत गेली. तिला कळलंही नसेल. मादी पाठ वाकवून खालच्या झुडपांकडे पळाली. पोटात लागली की तशी पळतात. ओपांनी थर्मासमधली कॉफी ओतली, मलाही दिली. लगेच मागे जायचं नसतं, जनावर आणखी लांब पळतं. मग माग काढणारा कुत्रा असलेल्या माणसाला फोन केला.

कुत्र्याने शोधली. जिवंत होती. त्या माणसानेच संपवलं. मग विचारलं, गोळी कोणाची? ओपा म्हणाले, "सुनेची." तो मला म्हणाला, "नवीन आहात. होतं असं." मी गप्प. म्हाताऱ्या माणसाने चारचौघांत स्वतःची लाज झाकली, झाकू दे. मोठं मन दाखवल्यासारखं वाटलं मला.

ओपांनी विलोची डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. हे ते कधी चुकवत नाहीत आणि मला दर वेळी तुळशीपत्र आठवतं. दुसरी डहाळी रक्ताला टेकवून, टोपीवर ठेवून माझ्यापुढे धरली. ती ज्याने मारलं त्याला द्यायची असते. मी घेतली. माझ्या टोपीत खोचली.

पोट उघडलं तेव्हा आत दोन पिल्लं, उंदराएवढी. "असतातच," ओपा म्हणाले. असतात, मला माहितीये, मागच्या वर्षीही होती. आज बाजूला जाऊन ओकले.

मार्टेनला: मिळालं एक. बाकी काही नाही सांगितलं. बाई पण नाही.

रवि. २२ फेब्रु.

ओपांकडे कॉफी. केक कापता कापता ओपांनी सगळ्यांसमोर सुरू केलं. मुग्धाचा नेम चुकला बिचारीचा. पोटात लागली. शिवाय डाइककडे मारलं, मी थांब म्हणत होतो. पण तिला रागवू नका, माझंही पहिल्या वर्षी झालं होतं. आणि माझ्या हातावर थोपटलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे नव्हते ते. माझी दया येत होती त्यांना. खरंच येत होती.

गाडीत मार्टेन म्हणाला, "मला सांगायला हवं होतंस." म्हटलं, मी नाही मारली. तो म्हणाला, "कुत्र्यावाला भेटला दुकानात, तोही तेच म्हणाला. आणि डहाळी तुझ्या टोपीत आहे."

आहे. दारामागे खुंटीवर. वाळलीये.

मी सगळं सांगितलं, बाई, सायकल, आभाळ. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. शेवटी: "तुला नक्की आठवतंय?" मला. मला विचारतोय नक्की आठवतंय का. इथले लोक म्हणे तोंडावर खरं बोलतात. स्वतःच्या बापाची वेळ आली की मुके. माझं खरं मानलं तर त्याला डॉक्टरला फोन करावा लागेल, म्हणून त्याला माझं खोटं हवंय. इतका राग आला की स्वयंपाक केलाच नाही. फ्रोझन पिझ्झा खा म्हटलं.

बुध. २५ फेब्रु.

ओपांचा फोन. अगदी मायेने. "मी मार्टेनला सांगितलंय, पोरीला बोलू नकोस. तू थोडे दिवस विसावा घे. शनिवारी मी एकटा जातो."

काडतुसं माझ्याकडे आहेत, म्हटलं.

"असू देत. मी नवीन आणली."

दुपारभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली रोपाचं एकच पान. काही दिसलं नाही. सरळ आहे. मी तेव्हा गप्प बसले म्हणून ते आता एकटे जाणार, आणि डाइकवरून जो कोणी जाईल त्याचं काय ते त्याच्या नशिबावर.

शुक्र. २७ फेब्रु.

लॅबमधून परस्पर फेरीने ओपांकडे. स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी कोट न काढताच बोलले, नाहीतर बोललेच नसते. ओपा, गोळी तुम्ही मारलीत. मी नाही. डाइकवर बाई होती.

सुरी थांबली. मग:

"होती ना. योहाना होती. तिला किती वेळा सांगितलं, सकाळी डाइकवरून येऊ नकोस. ऐकत नाही."

योहाना म्हणजे ओमा, मार्टेनची आई. ती गेली तेव्हा ईरा जन्मलीही नव्हती.

"तिला लागलं नाही ना?"

नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्यांचे डोळे भरले. माझेही. मग नजर एकदम स्वच्छ झाली, पूर्वीसारखी, आणि म्हणाले, "तू बघितलं होतंस. मग ओरडली का नाहीस?"

मी त्यांच्या हातातली सुरी काढून टेबलावर ठेवली.

बंदुकीच्या कपाटाची चावी मागितली. द्या ओपा, माझ्यासाठी द्या. ते हसले, बटाटा पुन्हा हातात घेतला. "तुझा नेम चुकला म्हणून मी घरी बसू? उद्या शनिवार आहे, पोरी." परत तिथेच. मी बाहेर येऊन गाडीला टेकून रडले. प्रेम आहे माझं त्या माणसावर. सख्ख्या बाबांनी मला इतकं काही हाताला धरून शिकवलं नाही.

रात्री मार्टेनला सांगितलं. योहानाचं ऐकलं आणि तोंडावर हात ठेवून बसला. आता पटलं. बाहेर जाऊन ओपांना फोन केला, परत येऊन म्हणाला, सोमवारी पोलिसांना कळवतो, ते येऊन बंदूक नेतील. आणि उद्या? "उद्या ते नाही जाणार. मी आत्ताच सांगितलं त्यांना फोनवर, हो म्हणाले."

लक्षात राहील त्यांच्या?

दिवा घालवला त्याने.

शनि. २८ फेब्रु.

गाडीत. फाटकाशी. झोप लागलीच नाही, म्हणून उठून आले, उगीच, खात्री करायला.

त्यांची गाडी इथेच आहे. बरोबर फाटकाशी लावलीये, अगदी सरळ.

मचाणात कोणी आहे की नाही इतक्या लांबून दिसत नाही. असणारच. त्यांचा फोन बंद, मचाणावर बंदच असतो. मार्टेन उचलत नाही. पोलिसांचा नंबर काढला. मग डोळ्यांपुढे आलं, चार जण पिस्तुलं काढून शेतात आणि वर बंदूक घेऊन ओपा, काही कळत नसलेले. नाही लावला. चूक असेल.

उजेड होतोय. हरणं बाहेर आली, डाइकच्या खाली, चढाकडे तोंड करून चरतायत. आणि लांब डाइकवर सायकलींचे दिवे, रांगेने. शनिवार. फुटबॉलला निघालेली पोरं.

मागून मचाणाला जाणारी वाट कालव्याला वळसा घालून आहे. तेवढा वेळ नाही. समोरूनच जायचं, उघड्या शेतातून, त्यांच्या आणि हरणांच्या मधून, ओरडत. मराठीतच ओरडेन, डच सुचायचं नाही आत्ता. आवाज माझा आहे हे त्यांना कळेल. कळायला हवं.