शनिवारचं गार पाणी

अब्बासिया, कुवेत
शुक्रवार, १८ जानेवारी २००२

प्रिय प्रेमा,

सकाळपासून हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले. मार्चमध्ये माझा करार संपतोय, पुढच्या दोन वर्षांचा कागद कंपनीने हातात ठेवलाय आणि महिनाअखेरीला सही हवी आहे. फोनवर हे सांगितलं तेव्हा तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि समिधाच्या क्लासचं सांगू लागलीस. मीही मग क्लासच्या फीचंच विचारलं. आज तरी लिहू म्हटलं, पण आधी दुसरंच लिहितो, म्हणजे हात चालेल.

आमच्या खोलीवर सध्या गीझरचं प्रकरण गाजतंय. भाड्याचा फ्लॅट, आम्ही पाच जण, न्हाणीघर एक. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देतं, म्हणून गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीत, घराच्या सावलीत निवलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेतो. ही तुला अजूनही थाप वाटते. थंडीत मात्र गीझरवाचून निभत नाही, आणि तो बंद करायला प्रत्येक जण विसरतो. शेवटी घरमालकाने तंबी दिली: टायमर लावा, पण भिंत फोडायची नाही. मी इलेक्ट्रिशियन, म्हणजे निवड माझ्याच गळ्यात. फहाहीलच्या बाजारात दोन शुक्रवार घालवले. एक टायमर गोल चकतीचा, खुंट्या दाबून वेळ लावायचा. सरळ स्वभावाचा, पण वीज गेली की तिथेच थांबणार. दुसरा आकड्यांचा, कामाच्या दिवशी पहाटे चालू, सुट्टीच्या दिवशी उशिरा. आपल्या सावंतवाडीचा प्रभाकर म्हणाला, साधा घे. मी ऐकतोय होय! आकड्यांचाच आणला.

गेल्या शनिवारी पहाटे सगळे रांगेत आणि नळाला बर्फासारखं पाणी. साडेपाचला कंपनीची बस. केरळचा राजन अंगाला साबण लावून आतून ओरडतोय, "जयराम भाई, ये क्या किया?" त्या टायमरमध्ये शनिवार-रविवार सुट्टी आधीच भरलेली येते, आणि मी ती तशीच राहू दिली. इथे सुट्टी शुक्रवारची! दहा वर्षं शनिवारी तीच बस पकडतोय, तरी मला ते खटकलं नाही. माझी यथेच्छ टर उडवली सगळ्यांनी. मीही हसलो. बसमध्ये मात्र घरचे दिवस आठवत बसलो.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ. गेल्या रजेत घरी याच्या उलट झालं होतं. शुक्रवारी मी उन्हं वर येईपर्यंत लोळलो, तू चहा झाकून ठेवून कामाला लागलीस. रविवारी पहाटेच विहिरीचा पंप खोलून बसलो, तर समिधा म्हणाली, "बाबा, आज तरी झोपू द्या ना!" तुमचं दोघींचं छान चाललं होतं. चुलीवर पाणी कधी ठेवायचं, आधी कोणी जायचं, सगळं ठरलेलं. मी आपला टॉवेल घेऊन मध्येच उभा. तू रागावली असतीस तर बरं वाटलं असतं. पाहुण्याला द्यावा तसा तू मला पहिला नंबर दिलास.

आता खरं लिहितो. परत येऊन तुमच्यात राहायची मला भीती वाटते, आणि इथे आणखी दोन वर्षं काढायचीही. दहा वर्षांत तुझ्या प्रत्येक पत्रात 'तब्येत सांभाळा' असतं, 'जेवण वेळेवर घ्या' असतं. 'आता या' असं तू एकदाही लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही, कारण उत्तराची धास्ती. आज विचारतो. मी यावं असं तुला वाटतं का? समिधासाठी नव्हे, घरासाठी नव्हे, तुला? पत्राला उत्तर लिहू नकोस, ते वेळेत पोचायचं नाही. तीस तारखेला, बुधवारी संध्याकाळी मी फोन करीन. नको वाटत असेल तर तेही सांग, मी ऐकून घेईन. पण प्रेमा, लगेच समिधाच्या हातात फोन देऊ नकोस.

तुझाच,
जयराम