चंद्रावरून आणायची रीत

धाकटी डहाणू
८ फेब्रुवारी २०२५

श्री. नविन यांस,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ हा शब्द पत्राच्या सुरुवातीला असतोच; त्यावरून फार काही समजू नये.

इकडे सर्व ठीक. तिकडे नारगोलला तुमच्या बहिणीकडेही सर्व ठीक असणारच, कारण दर फोनला बायजी वन्सं मला तेच सांगतात: नविन मजेत आहे, सकाळी दरियावर फिरून येतो, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. जसं काही मी तुम्हाला इथे उपाशी ठेवलं होतं. फोन तुमच्याकडे द्या म्हटलं तर म्हणतात, त्याला फोनवर कुठे ऐकू येतं. तेही बरोबरच. डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जिने जन्म काढला, साऱ्या तालुक्याचे फोन जोडून दिले, त्या बाईला स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला पोस्टाचं तिकीट चिकटवावं लागतं. बायकांनी आवाज चढवू नये, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिना शिकवायच्या. सिस्टरना नवरा नव्हता.

(वन्सं, पाकीट तुम्हीच फोडलं असेल तर तुम्हालाही नमस्कार. गुडघा कसा आहे? आता पत्र त्यांच्या हातात द्या.)

दिवाळीचा विषय मला काढायचा नाही. फक्त नोंद असावी म्हणून लिहिते. कानाचं मशीन मी आणलं. ते तुम्ही कपाटात ठेवलंत. पाहुण्यांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही हसून मान हलवत राहिलात, आणि मी म्हटलं की यांच्यापेक्षा ताटातला बांगडा बरा, निदान माझ्याकडे बघत तरी असतो. पाहुणे हसले. तुम्ही बॅग भरलीत आणि ‘दोन दिवस बायजीकडे जाऊन येतो’ म्हणालात. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

बांगड्याबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्हाला आणायलाही येणार नाही, असं मी वन्संना स्पष्ट सांगितलं होतं. आणायला गेलं म्हणजे चूक आपली, असा त्याचा अर्थ होतो. तो मी होऊ देणार नव्हते.

असो. हे पत्र एका बातमीसाठी आहे. मी चिनी बाहुल्यांच्या खेळात काम करते.

हसू नका. आपली वरची खोली मी योगिता नावाच्या एका मुलीला दिली आहे. ही मुलगी वर्षभर चीनमध्ये राहून एका म्हाताऱ्या गुरूकडे सावल्यांच्या बाहुल्या शिकून आली. चामड्याच्या पातळ, रंगीत, काड्यांवर नाचणाऱ्या. पांढरं कापड ताणायचं, मागे दिवा लावायचा, आणि कापडावर चीनच्या जुन्या दंतकथा चालू. तिला त्या आपल्याकडच्या शाळांतल्या मुलांना दाखवायच्या आहेत. हात तिचे उत्तम आहेत, पण मराठी अशी की ऐकणाऱ्याला ताप यावा. कोणीतरी तिला सांगितलं की एक्स्चेंजच्या मैनाबाईंचा आवाज बोर्डीपर्यंत जातो, तारेशिवाय. अशी माझी नेमणूक झाली.

कथा सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. फार पूर्वी आकाशात दहा सूर्य होते. दहा भाऊ, पाळीपाळीने उगवायचे. एक दिवस सगळे एकदमच बाहेर पडले. शेतं जळाली, नद्या आटल्या. तेव्हा एका धनुर्धाऱ्याने नऊ सूर्य बाणांनी पाडले. बक्षीस म्हणून पश्चिमेच्या डोंगरावरच्या देवीने त्याला अमृताची कुपी दिली. नवराबायकोने अर्धी अर्धी प्यायली तर दोघं अमर. एकट्याने सगळी प्यायली तर थेट आकाशात. बायको सगळी प्यायली. का, याबद्दल चीनमध्येही एकमत नाही. योगिता म्हणते, कुपी पळवायला चोर आला होता म्हणून. मला वाटतं, सूर्य पाडल्यापासून नवरा दुसरं काही बोलतच नसणार. ती तरंगत चंद्रावर गेली. तिथे सोबतीला फक्त औषध कुटणारा ससा. नवरा अंगणात तिच्या आवडीची फळं मांडून चंद्राकडे बघत बसला. समाप्त.

पहिला खेळ रानशेतच्या शाळेत झाला. मुलांनी बाहुल्या स्वतःच कापल्या, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर. चामडं कुठून आणणार? पंचक्रोशीतल्या मोडलेल्या हाडांचे एक्स-रे गोळा केले. एका सूर्याच्या पोटात कोणाचा तरी गुडघा होता, दुसऱ्यात कोपर. नववा सूर्य पडल्यावर मी विचारलं, आता सगळे सुखी झाले ना? एका पोराने सांगितलं, एक अजून पाडा बाई, मे महिन्यात एकाच्यानेच आम्ही मरतो.

दुसरा खेळ तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत. तिथल्या मुख्याध्यापकांनी आधी पेटी उघडून पाहिली आणि म्हणाले, चायना मालाचं काही लफडं तर नाही ना मॅडम, वरून विचारणा झाली तर? मी त्यांना विचारलं, तुमच्या हातातला मोबाईल कुठल्या पाड्यावर पिकला? त्यांनी तो खिशात घातला. मग म्हणाले, यातून मुलांना बोध काय मिळणार? मी म्हटलं, औषध विचारून प्यावं. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

खेळ बाजाराच्या दिवशी ठेवला होता. त्या दिवशी आईबाप तलासरीच्या बाजाराला येतात आणि जाता जाता वसतिगृहातल्या पोरांना भेटतात. भरदुपारी खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला. पोरं पुढे, त्यांच्या मागे बाजाराच्या पिशव्या आणि कोंबड्या घेऊन मोठी माणसं. पडद्यामागे योगिता आणि रूपी नावाची सातवीतली मुलगी. ही रूपी हाताची इतकी पक्की की योगिता तिला काड्या देऊन स्वतः दिवा धरते. मी पुढे, एका बाजूला, माईक घेऊन.

सगळं व्यवस्थित झालं. नवरा अंगणात बसला. मी आवाज खाली आणत म्हटलं, “आणि तो तिथेच बसून राहिला.” थांबले. टाळ्या येतील म्हणून.

मागून एका बाईचा आवाज आला. “मंग?”

ही रूपीची आजी, हिरू. मांडीवर सुक्या जवळ्याची पिशवी घेऊन बसली होती. मी म्हटलं, आजी, संपली गोष्ट.

“संपली कशी? ती रागान गेली. हा आनाया कंदी गेला?”

पडद्यामागून योगिताने डोकं बाहेर काढून सांगितलं की तो जात नाही, हजारो वर्षं तो तिथेच बसलाय, अशीच कथा आहे.

“हजार वर्सां?” हिरू म्हणाली. “कामधंदा नाय त्याला?”

आणि मग, नविनराव, त्या वर्गाची पंचायत झाली. भिका नावाचे एक वयस्क गृहस्थ उठून पुढेच आले आणि त्यांनी मला रीतसर विचारलं, या धनुष्यवाल्याच्या गावात कोणी मोठं माणूस नाही काय? मी म्हटलं, कथेत उल्लेख नाही. त्यांना माझी कीव आली. त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्या पाड्यावर कोणी रुसून गेलं, बाई गेली काय नि पुरुष गेला काय, तर मागे राहिलेल्या माणसाने दोन वडीलधारी घेऊन आणायला जायचं असतं. ते माणूस असेल त्या अंगणात बसायचं. ताडी प्यायची. आणि घेऊन यायचं. फळं मांडून वर बघत बसायचं नसतं. वर बघून कोणी खाली येत नाही.

मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले की ही परदेशी कथा आहे, तिच्यात बदल करायची आपल्याला परवानगी नाही. भिकांनी त्यांना शांतपणे विचारलं, “गुर्जी, गेल्या शिमग्याला तुमी नव्हता गेला बाईंना आनाया?” वर्ग हसला. गुरुजी बसले.

आता अडचण तांत्रिक होती. धनुर्धाऱ्याची बाहुली जमिनीवर चालायची. उडायची सोय फक्त बायकोच्या बाहुलीला. रूपीने त्याला झाडूच्या दांड्याला बांधला. वडीलधारी माणसं कुठून आणायची? पाडलेले सूर्य रिकामेच पडले होते. त्यातले दोन निघाले बरोबर, एक गुडघ्याचा, एक कोपराचा. असे ते तिघे चंद्राकडे चालले. मी सिस्टर फिलोमिनांच्या हाताखाली बायबलमधली नाटकं केली आहेत, पण इतकं गंभीर दृश्य पाहिलं नव्हतं. एक पोरगं हललं नाही.

तिघे चंद्रावर पोचले आणि थांबले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्याचं बोलणं माझ्याकडे होतं.

चंद्र कशाचा होता, ते लिहायचं राहिलं. मुलांना मोठी फिल्म हवी होती, म्हणून तुमच्या त्या जुन्या खोकल्याच्या वेळचा छातीचा एक्स-रे मी देऊन टाकला. घरात नुसता पडून होता. कापताना मला काही वाटलं नाही. पण तिथे दिव्यासमोर त्या चंद्रात तुमच्या बरगड्या दिसत होत्या. एकूण एक. डावीकडे तो काळजाचा ढगासारखा पुंजका.

मी माईक तोंडाशी धरला आणि सुरू केलं. “बाई, नीट विचार केला तर यात चूक माझी नाही. कुपी मी आणली. तुझ्या भल्यासाठी आणली. तू मला न विचारता, पाहुण्यांच्या देखत…”

“पाहुने कुठले?” कोणीतरी विचारलं.

हिरूने हात वर केला. “चूक कोनाची ता कोन इचारतंय? ता घरी गेल्यावर भांडा. तू आनाया आलास ना? मंग तेवढाच बोल.”

माझ्या बोर्डावर कधी लाइन मेली नाही. वादळात नाही, पुरात नाही. त्या दिवशी मेली. वर्ग वाट बघत होता, आणि समोर तुमच्या त्या बरगड्या.

“घरी चल,” मी म्हटलं.

माझाच आवाज होता, पण एक्स्चेंजचा नव्हता.

“बास,” हिरू म्हणाली. “याच्यापुढं बोलला त परत भांडन.”

रूपीने बायकोला चंद्रावरून हळूहळू खाली आणलं. सशाला एकट्याला मागे ठेवायला मुलं तयार नव्हती, म्हणून तोही आला, उखळ-मुसळासकट. मग टाळ्या झाल्या. योगिता पडद्यामागे रडत होती. गुरूंना काय तोंड दाखवू, म्हणते. मी तिला सांगितलं, गुरूंना कळव की तुमच्या देशात जे कोणालाच जमलं नाही, ते तलासरीच्या माणसांनी एका दुपारी मिटवलं.

बाहेर आल्यावर हिरूने मला विचारलं, तुझा माणूस कुठं? पाहुण्यांवरून तिने ओळखलं असणार. मी म्हटलं, नारगोलला. ती इतकी हसली की जवळ्याची पिशवी सांडली. “नारगोल त चंद्रापेक्षा जवल,” म्हणाली. “एकटी नको जाऊ. एकटा मानूस गेला की भांडन करतो.”

घरात फार आवाज होतो म्हणून आलो, असं तुम्ही वन्संना सांगितल्याचं मला कळलं आहे. आता यावं आणि ऐकून बघावं. रेडिओ दिवसभर चालू असतो, बातम्यांसाठी नव्हे. योगिताला सगळं पहिल्याच वेळी ऐकू येतं; तिच्याशी भांडण टिकतच नाही. परवा मी भाजी जळल्याचं भिंतीला सांगितलं. यावर कृपा करून काही लिहू नका.

तर, पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी नारगोलसाठी संजाणला उतरते. बरोबर हिरू आणि भिका आहेत. आम्ही अंगणात बसू. नारगोल गुजरातेत, तिथे दारूबंदी, म्हणजे ताडी चालणार नाही, हे ऐकून भिका फार काळजीत पडले. चहावर समेट होतो की नाही, यावर त्या दोघांची बराच वेळ चर्चा झाली. साखर जास्त असेल तर होतो, असं ठरलं आहे. वन्संना तसं सांगा. मशीनचं, बांगड्याचं आणि पाहुण्यांचं काय ते आपण घरी येऊन भांडू. ते मी सोडलेलं नाही.

तिथे मला दोनच शब्द बोलायची परवानगी आहे. ते तुम्हाला ऐकू जाणार नाहीत, आणि वन्संच्या अंगणात मी ओरडणार नाही. म्हणून इथेच लिहिते.

घरी चला.

मैना