ओसाकाला पाठवलेला चिवडा

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. उशीर करण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे तुम्हीच म्हणायचात.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. केंब्रिजच्या लॅबमधून मला वर्षातून दोनदा ओसाकाला पाठवायचे. संध्याकाळी काय करतोस, असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हणालो, ‘एक छोटा क्लब आहे, मला सांभाळून घेतात.’ खोटं नव्हतं ते. तो गे बार होता, एवढंच गाळलं. तिसऱ्या मजल्यावर, जेमतेम सात खुर्च्यांचा. तिथे बाटली विकत घ्यायची, तिच्यावर आपलं नाव लिहायचं, आणि मालक ती पुढच्या खेपेपर्यंत फळीवर ठेवतो. माझ्यासारख्या पाहुण्याचीही बाटली होती. इतकं घरच्यासारखं मला दुसरीकडे कुठेच वाटत नसे.

त्यांच्यासाठी काही न्यायची गरज नाही म्हटलं, पण तुम्ही ऐकता होय! ‘लोक आपल्या मुलाचं करतात आणि हा हात हलवत जातो?’ शनिवारी साउथहॅम्प्टनच्या घरी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आलात, आणि कोटसुद्धा न काढता लंडनच्या एजवेअरहून आणलेले पातळ पोहे भाजायला घेतलेत. आठ पाकिटं चिवडा, वर इंग्रजीत चिठ्ठी: माझ्या मुलाची काळजी घेता, आभारी आहे. मालकानं ती डिक्शनरी घेऊन वाचली आणि मला विचारलं, ‘वडिलांना माहीत आहे?’ मी ‘हो’ म्हणून बसलो. का, देव जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साठीचे एक गृहस्थ रडले. त्यांच्या वडिलांनी मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. मालकानं नवी बाटली काढून तिच्यावर तुमचं नाव लिहिलं.

रिटायर झालात तेव्हा किचनमध्ये म्हणालात, ‘या खेपेला मीही येतो रे, भेटतो तुझ्या मंडळींना.’ कुठली बॅग न्यायची, इथपर्यंत तुमचं ठरलेलं. मी चहा गाळत म्हणालो, ‘तो क्लब बंद पडला, बाबा.’ तुमचा चेहराच उतरला. ‘अरेरे, चांगली माणसं होती,’ म्हणालात आणि पेपर उचललात.

बंद पडला नव्हता. मी नंतरही जात राहिलो. तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कळलं असतं तर तुम्ही खरंच कसे वागला असतात, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. तिथे मात्र सगळे मानतात, की तुम्ही फार छान वागलात. मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.