पत्र्यावरचं पातेलं

बुधवार, ४ मार्च १९९८

शिव शिव म्हणत थंडी गेली एकदाची. थंडीभर सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसलो, पण मासळी तळाला दडलेली. आज उथळात, बुडालेल्या बाभळीपाशी, गळाच्या दोरीवर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा खाली गेली. दोन मरळ.

बायकोला पाचवा महिना. माहेरी मासळीवर वाढलेली. डोहाळे लागले तरी बोलायची न्हाई, कारण मायच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणून मी एक जर्मनचं पातेलं गोठ्याच्या पत्र्यावर लपवून ठेवलेलं. शेतात नेऊन शिजवू म्हणलं.

गोठ्यात आलो तर पातेलं जागेवर न्हाई. तेवढ्यात माय तेच पातेलं घेऊन आली. राखेनं घासून लख्ख केलेलं. तिला कवापासून ठाऊक होतं?

"लिंबाखाली चूल मांडली," म्हणली. "घरात आणू नको."

"पण माय, तुझी माळ..."

"माळ माझ्या गळ्यात हाय. पोटातल्या लेकराच्या न्हाई."

उगाच भ्यालो इतके दिवस. बायकोनं दोनदा वाढून घेतलं. माय लांब ओट्यावर नाकाला पदर लावून बसलेली, अन् तिथूनच मला म्हणे, "काटे काढून देऊन राहिला का तिला?"